देणगीचे पैसे 'पाठपुराव्या'वर खर्च झाले तर चालेल का? (गरिबी, मोठ्या संस्था आणि सरकारी धोरणं)

वैशाली_त्रिमूर्तीनगर :
नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसात आम्ही काही जण दर महिन्याला पगारातून थोडे पैसे काढून एका आंतरराष्ट्रीय संस्थेला देतो, आफ्रिकेत आणि आपल्याकडे गरीब भागात काम करणारी. यंदाचा त्यांचा वार्षिक अहवाल आला तर त्यात शाळा, पाणी, पोषण यांच्यासोबत खर्चाचा एक बराच मोठा भाग 'अ‍ॅडव्होकसी आणि कॅम्पेन' असा निघाला. म्हणजे खासदारांना भेटणं, अभ्यास छापणं, जागतिक बँकेच्या बैठकांच्या वेळी जाऊन मागण्या मांडणं वगैरे. आमच्या एका सरांचं म्हणणं पडलं की आपण पोराच्या ताटासाठी पैसे देतो, बैठकांसाठी नाही, आता बंद करू.

मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगते. माझं माहेर आर्वीकडचं, सगळी कोरडवाहू शेती. २००८ च्या बजेटमध्ये केंद्राने ६० हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली (नंतर तो आकडा ७१ हजार कोटींच्या वर गेला) तेव्हा गावात पेढे वाटले होते लोकांनी. मग नियम वाचला. दोन हेक्टर म्हणजे पाच एकरांपर्यंत जमीन असेल तर पूर्ण माफी, त्याच्या वर असेल तर आधी ७५ टक्के भरा, मग २५ टक्के सूट. आता आपल्याकडे कोरडवाहूत सात-आठ एकर म्हणजे काही श्रीमंती नाही हो, पाऊस दगा देऊन गेला तर सात एकरातून बियाण्याचे पैसे पण निघत नाहीत, आणि तिकडे पाण्याखालची चार एकर बागायत असलेल्याचं कर्ज पूर्ण माफ. सावकाराचं कर्ज तर कुठे मोजलंच नाही. मे महिन्यात सविस्तर नियम आले तेव्हा दुष्काळी आणि पंतप्रधानांच्या पॅकेजमधल्या २३७ जिल्ह्यांत पाच एकरांवरच्यांना २५ टक्के किंवा २० हजार, जे जास्त असेल ते, अशी थोडी सवलत होती. मधल्या काळात विदर्भातून भरपूर ओरड झाली होती. पण मुळातला पाच एकराचा आकडा काही हलला नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की त्या एका आकड्याने जेवढ्या घरांचं बरंवाईट केलं तेवढं कुठल्याही संस्थेच्या धान्यवाटपाने झालं नसतं. मग त्या आकड्याच्या मागे लागायला, आधीच जाऊन 'विदर्भाची शेती अशी मोजू नका' हे सांगायला कोणीतरी अभ्यास करणारा, पगारी माणूस लागतो की नाही? तो पगार म्हणजे दान वाया गेलं असं का म्हणायचं? ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी प्लीज लिहा, मला सरांना नीट सांगायचं आहे.

राजू_इतवारी :
ताई तुमचं दुःख समजते, पण मी तुमच्या सरांच्या बाजूने आहे. आम्ही नागपूरच्या इतवारीतले काही दुकानदार मिळून मेडिकलच्या (सरकारी दवाखान्याच्या) बाहेर पेशंटच्या नातेवाइकांसाठी जेवण वाटतो. गोंदिया, गडचिरोली, पार छिंदवाडा-बालाघाटहून लोक येतात, आठ-आठ दिवस फुटपाथवर राहतात. तिथे मला डोळ्याने दिसते कोण जेवला. अहवाल छापला तर कोण जेवला? काऊन कोणाला दिसत नाही ते? आणि धोरण म्हणजे काय, मंत्री बदलला की धोरण बदलते, वाढलेलं ताट तर कोणी परत घेऊ शकत नाही ना. मोठ्या संस्थांनी आधी भुकेल्याला द्यावं, मग भाषणं करावी असं माझं सरळ मत आहे.

मेघा_हिंगणा :
राजूभाऊ तुमचं काम फार मोलाचं आहे, मी स्वतः आईच्या ऑपरेशनच्या वेळी मेडिकलला राहिले आहे तेव्हा असं जेवण घेतलं आहे. पण ताटाचंच बोलायचं तर एक आठवण करून देते. आम्ही झेडपीच्या शाळेत होतो तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचे, हजेरी ८० टक्के असली तर. ते पिशवीत घालून घरी न्यायचे, शाळेत कोणाच्या पोटात काही नाही. शिजवलेली खिचडी नंतर आली, ती कशी आली माहीत आहे का? २००१ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेच्या राजस्थानातल्या लोकांनी सुप्रीम कोर्टात याचिका टाकली की एफसीआयच्या (सरकारी अन्न महामंडळाच्या) गोदामांत ५ कोटी टनांच्या वर धान्य पडलं आहे आणि शेजारच्या गावांत लोक उपाशी आहेत, हे कसं चालतं. २८ नोव्हेंबर २००१ ला कोर्टाने आदेश दिला की प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेलं जेवण द्या, कोरडं धान्य नको. त्याच याचिकेभोवती मग 'राइट टू फूड'ची मोहीम उभी राहिली, जिल्ह्याजिल्ह्यात लोक जाऊन तपासायचे की खरंच शिजतं का, आणि त्याच धाग्यातून २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आला. त्या याचिकेचा, त्या तपासण्यांचा पण खर्च कोणीतरी केलाच ना. आता सांगा त्यातून किती ताटं वाढली गेली. रोज, देशभर, आजपर्यंत.

राजू_इतवारी :
हे माहीत नव्हतं. पण ते आपल्या देशातलं, आपल्या कोर्टातलं आहे. परदेशातल्या संस्थांनी तिकडे लंडनमध्ये मोर्चे काढून आफ्रिकेतल्या माणसाला काय भेटते?

मनीषनगर_ते_लीड्स :
याचं उत्तर मी देऊ शकतो, मी इकडे ब्रिटनमध्ये अशाच एका संस्थेच्या कॅम्पेन विभागात काही वर्षं काम केलं आहे. थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांची १९८० आणि ९० च्या दशकात अशी अवस्था होती की शाळा-दवाखान्यांवर जेवढा खर्च होत नव्हता तेवढा जुन्या कर्जाच्या हप्त्यांवर जात होता. आणि ती कर्जं कोणी घेतली तर बऱ्याच ठिकाणी हुकूमशहांनी, शीतयुद्धाच्या काळात, ज्यांना देणाऱ्यांनीही डोळे मिटून दिली होती. इकडच्या संस्था तिथे विहिरी खोदत होत्या, शाळा बांधत होत्या आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण एका हाताने जेवढं देतो त्याच्या कितीतरी पट आपलंच सरकार आणि आपल्याच बँका दुसऱ्या हाताने परत घेऊन राहिल्या आहेत. त्यातून जुबिली २००० नावाची मोहीम झाली. ऑक्सफॅम, ख्रिश्चन एड, काफोड, टिअरफंड अशा संस्था, चर्च, कामगार संघटना सगळे एकत्र. मे १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला जी-८ ची, म्हणजे आठ बड्या देशांची शिखर परिषद होती तेव्हा सुमारे ७० हजार लोकांनी हातात हात धरून शहरात साखळी केली होती, त्यात कितीतरी म्हाताऱ्या चर्चवाल्या बायका होत्या, आमच्या ऑफिसात त्यांच्यापैकी काही जणी नंतरही यायच्या आणि कर्जाचे आकडे तोंडपाठ सांगायच्या.

त्याआधी १९९६ ला आयएमएफ (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) आणि जागतिक बँकेने गरीब कर्जबाजारी देशांसाठी हिपिक नावाची योजना काढली होती, पण तिच्या अटी इतक्या कडक की हातात काही पडत नव्हतं. या रेट्यानंतर १९९९ ला ती मोठी केली आणि २००५ ला ग्लेनइगल्सच्या जी-८ परिषदेनंतर जागतिक बँक, आयएमएफ यांचीही कर्जं माफ झाली. आजपर्यंत ३७ देशांचं मिळून १०० अब्ज डॉलरच्या आसपास कर्ज माफ झालंय, त्यातले बहुतेक देश आफ्रिकेतले. युगांडाने १९९७ ला प्राथमिक शाळेची फी बंद केली, एका वर्षात पोरांची संख्या ३० लाखांवरून ५० लाखांच्या वर गेली, आणि १९९८ पासून कर्जमाफीतून वाचलेला पैसा गरिबीसाठीच्या वेगळ्या निधीत टाकून शाळा, पाणी, रस्त्यांवर लावला. वर्ग खच्चून भरले, शिक्षक कमी पडले, शिकवण्याचा दर्जा घसरला हेही खरं आहे, पण ती पोरं शाळेत तर आली.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची आहे कारण ती अगदी सावकारीची आहे. झांबियाने १९७९ ला रुमानियाकडून शेतीच्या यंत्रांसाठी कर्ज घेतलं होतं. फेडता आलं नाही. १९९९ मध्ये डोनेगल नावाच्या एका कंपनीने ते जुनं कर्ज रुमानियाकडून साधारण ३३ लाख डॉलरला विकत घेतलं आणि मग व्याजासकट साडेपाच कोटी डॉलरचा दावा लंडनच्या कोर्टात ठोकला. २००७ ला कोर्टाने सुमारे १ कोटी ५५ लाख डॉलर द्यायला लावले. म्हणजे जगाने झांबियाला माफी दिली आणि ते वाचलेले पैसे हा मधला माणूस घेऊन गेला. अशांना इथे गिधाड फंड म्हणतात. जुबिली २००० मधूनच पुढे आलेल्या जुबिली डेट कॅम्पेनने त्यावर हात धुऊन पाठपुरावा केला, खासदारांना मतदारसंघातून पत्रं गेली, आणि २०१० मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला की माफीत बसणाऱ्या देशांकडून ब्रिटनच्या कोर्टात अशी पूर्ण वसुली करता येणार नाही. २०११ ला तो कायमचा झाला. राजूभाऊ, त्या कायद्याने कोणाच्या ताटात घास पडला हे फोटो काढून दाखवता येत नाही, पण एखाद्या गरीब देशाच्या तिजोरीतून इथल्या कोर्टाच्या रस्त्याने असे पैसे नेण्याचं दार त्याने बरंचसं बंद केलं.

राजू_इतवारी :
सावकारीवाली गोष्ट बरोबर डोक्यात बसली. वाचून राहिलो मी, लिहा तुम्ही.

जिनिंगवाला_हिंगणघाट :
कापसाचा कोणी विषय काढला नाही म्हणून मी लिहितो. आमचा धंदाच तो. २००१-०२ साली जगात रुईचे भाव कित्येक दशकांतल्या तळाला गेले होते, आमच्या यार्डात गाड्या उभ्या आणि शेतकरी रडकुंडीला. त्याच वर्षी अमेरिकेने आपल्या जेमतेम २५ हजार कापूसवाल्यांना जवळपास ४ अब्ज डॉलर सबसिडी वाटली. मग ते भाव कितीही पडो, पेरतातच, विकतातच, आणि जगाचा बाजार पडतो. आफ्रिकेतल्या माली, बुर्किना फासो, बेनिन, चाड या चार देशांचं तर पोटच कापसावर. ऑक्सफॅमने २००२ मध्ये हे आकडे काढून जगासमोर मांडले, २००३ ला या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत एकत्र मागणी केली. ब्राझील तर थेट केस लढला आणि जिंकला, २०१४ ला अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन ते मिटवलं. २०१५ ला त्याच व्यापार संघटनेच्या नैरोबीतल्या बैठकीत कापसावरची निर्यात सबसिडी बंद करायचं ठरलं, पण देशातल्या देशात जी सबसिडी देतात ती अजून आहेच. म्हणजे पूर्ण जिंकले असं नाही.

पण मला खरी सांगायची गोष्ट वेगळी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या सरकारने परदेशी कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी काढली, आधी सप्टेंबरपर्यंत म्हणाले मग डिसेंबर अखेरपर्यंत वाढवली. म्हणजे आपला नवा कापूस यार्डात यायला लागतो तोच काळ. गिरणीवाल्यांच्या संघटना कित्येक दिवसांपासून ही मागणी करत होत्या, त्यांची दिल्लीत ऑफिसं आहेत, आकडे तयार असतात, मंत्रालयात कोण कोणत्या टेबलवर बसते ते माहीत असते. त्यांचंही पोट आहे, मी त्यांना वाईट म्हणत नाही. पण कापूसवाल्या शेतकऱ्याचं दिल्लीत कोण बसलं आहे? पाठपुरावा तर रोज होऊनच राहिला आहे राजेहो, फक्त ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा होऊन राहिला आहे. गरिबाच्या बाजूने एखादी संस्था त्यासाठी दोन माणसं ठेवत असेल तर मी तर म्हणतो अजून चार ठेवा.

वैशाली_त्रिमूर्तीनगर :
दादा, हे मी सरांना जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे.

एक शंका. चॅरिटीला असं राजकारणात पडायला कायद्याने चालतं का? सरांचा हाही मुद्दा होता.

सीए_मंगेश_धंतोली :
चालतं, पण प्रत्येक देशात रेषा वेगळी ओढली आहे. ब्रिटनमध्ये चॅरिटीला आपल्या उद्देशासाठी कायदा बदला म्हणून मोहीम करता येते, पण कुठल्या पक्षाला पाठिंबा देता येत नाही, आणि २०१४ च्या कायद्याने निवडणुकीच्या काळात खर्चावर मर्यादा आणल्या, त्यावर तिथल्या संस्था खूप नाराज झाल्या. अमेरिकेत करसवलत घेणाऱ्या संस्थेच्या कामाचा 'मोठा भाग' लॉबिंग नसावा आणि उमेदवाराचा प्रचार तर अजिबातच नको.

आपल्याकडे जास्त गुंतागुंत आहे. माझ्याकडे चार-पाच ट्रस्टचं ऑडिट असतं म्हणून सांगतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, मग करसवलतीसाठी आयकर खात्याची नोंदणी, आणि परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी. २०१० च्या एफसीआरए कायद्यात 'राजकीय स्वरूपाच्या' संस्थेला परदेशी पैसा घेता येत नाही असं आहे, आणि नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको करणाऱ्यांनाही त्यात ओढलं होतं. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लोकांच्या प्रश्नासाठी असं आंदोलन करणारी पण पक्षीय हेतू नसलेली संस्था त्यात मोडत नाही. मोठा दिलासा होता. मग सप्टेंबर २०२० ला कायदाच बदलला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्के झाली आणि एका संस्थेने परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायला पूर्ण बंदी आली. याचा फटका कोणाला बसला तर गावातल्या लहान संस्थेला. आधी नागपूर-पुण्याची मोठी संस्था पैसा आणायची आणि भामरागड-मेळघाटच्या दोन-तीन कार्यकर्त्यांच्या संस्थेला द्यायची, ते बंद. अभ्यास करणाऱ्या, माहिती गोळा करणाऱ्या माणसाचा पगार बऱ्याचदा प्रशासकीय खर्चात धरला जातो, तो पण कापावा लागतो. सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक खर्चाचं विचाराल तर कंपनी शाळेला बाकडी देते, धोरणाच्या कामाला हात लावायला सहसा तयार होत नाही, उद्या सरकारदरबारी आपलंच काम असते ना. म्हणून या कामाला खरा आधार तुमच्या ऑफिससारख्या साध्या लोकांच्या देणगीचाच उरतो. सरांना हेही सांगा.

डॉ_अजनी :
औषधांबद्दल थोडं, माझा रोजचा विषय आहे. २००० च्या आसपास एचआयव्हीच्या औषधांचा एका पेशंटचा वर्षाचा खर्च १० ते १५ हजार डॉलर होता. आफ्रिकेत लोक औषध अस्तित्वात असून मरत होते. दक्षिण आफ्रिकेने स्वस्त औषधं आणायचा कायदा केला तर ३९ औषध कंपन्यांनी सरकारवरच केस टाकली. तिथल्या ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेनने, ज्यात स्वतः एचआयव्ही असलेले लोक होते, रस्त्यावर आणि कोर्टात इतका जोर लावला की एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी केस मागे घेतली. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी एमएसएफ या डॉक्टरांच्या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये तीन औषधांचा कोर्स देऊ केला. नोव्हेंबरमध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या दोहाच्या बैठकीत सगळ्या देशांनी मान्य केलं की पेटंटचे नियम लोकांच्या आरोग्याच्या आड येता कामा नयेत. एमएसएफ जर फक्त तंबू टाकून पेशंट तपासत बसली असती तर महागडं औषध किती जणांना देऊ शकली असती?

आणि हे जुनं झालं असं समजू नका. टीबीची बेडाक्विलिन नावाची गोळी आहे, औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी. त्याच्या आधी जी इंजेक्शनं द्यायचो त्याने कित्येकांचे कान जायचे. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले, दोघींचीही ऐकण्याची शक्ती त्या उपचारात गेली. या दोघींनी २०१९ मध्ये भारताच्या पेटंट ऑफिसात कंपनीच्या पेटंट वाढवण्याच्या अर्जाला विरोध दाखल केला, एमएसएफची साथ होती, आणि मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. भारतीय कंपन्यांना ती गोळी बनवायचा रस्ता मोकळा झाला, जागतिक खरेदीत भाव बराच खाली आला. मी हे माझ्या पेशंटना आवर्जून सांगतो, कारण त्यांना वाटते आपण फक्त घेणारे.

आपल्या शेजारचं उदाहरण तर विसरूच नका. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेत डॉक्टर बंग दांपत्याने ३९ गावांत गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ते तिथेच थांबले असते तर ३९ गावांचं भलं झालं असतं. पुढे कित्येक वर्षं ते सरकारच्या मागे लागले, २०११ पासून देशभर आशाताई तेच काम घरोघरी करतात.

रोशनी_कुरखेडा :
सगळं वाचलं, चांगलं आहे, पण माझी एक तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. मी ग्रामसभांसोबत काम करते. मोठ्या संस्थांचे लोक येतात, दोन दिवस राहतात, बायांशी बोलतात, फोटो घेतात, आणि मग दिल्लीत नाहीतर अजून कुठे आमच्या नावाने 'मागण्या' मांडल्या जातात ज्या आम्ही कधी केल्याच नव्हत्या. एकदा एका बैठकीत मी गेले होते, वनहक्कांवर होती, सगळं इंग्रजीत, माझ्यासोबतच्या गोंडी बोलणाऱ्या ताईला कोणी विचारलंही नाही की तुला काय म्हणायचं आहे. तिनेच तर जंगल राखलं आहे.

आमच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं पहा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे त्यांनी कोणाच्या अहवालातून नाही घेतलं. गावाने आधी अभ्यासगट केला, सगळ्यांच्या संमतीने निर्णय घ्यायची सवय लावली, बाहेरचे मोहनभाऊ हिराबाई हिरालाल सोबतीला होते पण निर्णय गावाचा. २००६ ला वनहक्क कायदा आला, २००९ ला मेंढ्याला सामूहिक हक्काचा कागद मिळाला, साधारण १८०० हेक्टरचा. तरी वनखातं बांबूचा वाहतूक परवाना देईना. म्हणजे मालकी तुमची पण बाहेर नेऊ शकत नाही. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. कायदा झाल्यावर चार वर्षांच्या वर लागली एका पुस्तकाला! आमच्याकडे अजूनही असं आहे की हक्काचा कागद आहे पण नकाशा नाही, नकाशा आहे तर हद्दीवरून वाद आहे. दिल्लीत कायदा पास झाला की संस्थांचं कॅम्पेन संपते, 'विजय' म्हणून अहवालात लिहिलं जाते आणि माणसं पुढच्या विषयाला जातात. आमचं काम तिथून सुरू होते. तर वैशालीताई, तुमच्या संस्थेला विचारा की कायदा झाल्यावर किती वर्षं तुम्ही थांबता आणि बैठकीत बोलते कोण.

बर्डीचे_काका :
रोशनी बेटा, तुझं बोलणं ऐकून राहवलं नाही.

दरवर्षी हिवाळी अधिवेशन आलं की आपल्या नागपुरात मोर्चे येतात. यशवंत स्टेडियमवर जमतात, आणि मग पोलीस जिथे अडवतात तिथे बसतात. अंगणवाडी ताई, आशाताई, विनाअनुदानित शिक्षक, कोतवाल, धनगर, हलबा, सगळे. भाकरी बांधून, लेकरं कडेवर घेऊन. यालाही तुम्ही लोक म्हणता ते पॉलिसीचं कामच म्हणावं लागेल, फक्त याला ऑफिस नाही, बजेट नाही.

२३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. मागणी एवढीच की आम्हाला अनुसूचित जमातीच्या यादीत घ्या, यादीत 'गोंड गोवारी' लिहिलेलं आहे आणि आम्ही गोवारी आहोत. गाई राखणारे साधे लोक, हजारोंनी आले होते. दिवसभर वाट पाहिली, कोणी भेटायला आलं नाही, संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. बहुतेक बाया आणि लेकरं. मी तेव्हा जवळच राहायचो, त्या रात्री रस्त्यावर पडलेल्या चपला पाहिल्या आहेत, त्यावर जास्त लिहवत नाही. पुढच्या वर्षी त्यांना २ टक्के आरक्षणाच्या विशेष मागास प्रवर्गात घातलं. २०१८ ला इथल्या खंडपीठाने त्यांना आदिवासी मानलं, डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. अजून ते लढतच आहेत. उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, रोज हजारो गाड्या जातात तिथून.

मी हे यासाठी लिहिलं की राजूभाऊ म्हणतात भाषणं नंतर करा, आधी जेवण. ते ११४ लोक जेवण मागायला आले नव्हते. यादीतली एक ओळ मागायला आले होते. त्यांच्यासोबत तेव्हा एखादा वकील, दोन अभ्यासू पोरं, एखादी संस्था अशी असती की जी मंत्र्याच्या केबिनपर्यंत आधीच पोचली आहे, तर कदाचित त्यांना सगळ्यांना रस्त्यावर यावंच लागलं नसतं. ज्याच्याजवळ साधन नाही त्याला अंग पुढे करावं लागते.

राजू_इतवारी :
काका, मी तेव्हा शाळेत होतो, घरी सगळे रेडिओ लावून बसले होते ते आठवते. तुमच्यापुढे मी काही बोलत नाही.

फक्त एक प्रश्न राहते. आम्ही जेवण वाटतो तर हिशोब सोपा, किती किलो तांदूळ, किती माणसं. या कामात पैसा लागला का फुकट गेला हे देणाऱ्याला कसं कळेल? हे मी खरंच जाणून घ्यायला विचारून राहिलो.

मनीषनगर_ते_लीड्स :
पूर्ण कळत नाही, हे आधी सांगतो. एखादा कायदा झाला तर त्याचं श्रेय दहा संस्था घेतात आणि मंत्री अकरावा. आणि मिळालेलं जातंही. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत गरीब देशांना द्यावी असं संयुक्त राष्ट्रांत १९७० ला ठरलं. इकडच्या संस्थांनी ४० वर्षं त्यासाठी घासली, २०१३ ला ब्रिटनने ते गाठलं, २०१५ ला कायदा केला. २०२१ ला ते ०.५ वर आणलं, आणि फेब्रुवारी २०२५ ला जाहीर केलं की २०२७ पर्यंत ०.३. त्याच वर्षी परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था यूएसएड बंद झाली. मी त्या दिवसांत जुन्या सहकाऱ्यांना भेटलो होतो, आयुष्य घातलेली माणसं गप्प बसली होती. त्यामुळे 'एकदा धोरण झालं की झालं' असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही.

पण चांगली संस्था कशी ओळखायची याचा माझा एक ठोकताळा आहे. तिची मागणी नेमकी असते. 'गरिबी हटवा' असं ती म्हणत नाही, 'या कलमात हा बदल करा' असं म्हणते, म्हणजे वर्षभराने जाऊन पाहता येते की झाला का. ती मागणी जिथल्या लोकांची आहे तिथे तिचं स्वतःचं काम असते, एमएसएफकडे पेशंट होते, सर्चकडे ३९ गावं होती, म्हणून सरकारला त्यांना उडवून लावता आलं नाही. आणि रोशनीताई म्हणाल्या ते सगळ्यात महत्त्वाचं, बोलणारा माणूस कोण. जुबिलीच्या वेळी सुद्धा दक्षिणेकडच्या (म्हणजे गरीब) देशांतल्या संघटनांनी इकडच्यांना सुनावलं होतं की तुम्ही 'थोडी माफी' मागता, आमचं म्हणणं आहे की हे कर्जच अन्यायाचं होतं. ते भांडण मला बरोबर वाटते, ते दाबलं गेलं तेव्हाच मोहीम कमजोर झाली.

जिनिंगवाला_हिंगणघाट :
नेमकी मागणी हे एकदम बरोबर. 'शेतकरी वाचवा' म्हटलं तर सगळे मान डोलावतात. 'ऑक्टोबर ते मार्च ड्युटी काढू नका' म्हटलं की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागते.

वैशाली_त्रिमूर्तीनगर :
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज डबा खाताना सरांना आणि बाकीच्यांना यातलं बरंच वाचून दाखवलं. काकांचं वाचताना मध्येच थांबावं लागलं, आमच्यातल्या एका मॅडमचे सासरे त्या मोर्चात होते हे मला आजपर्यंत माहीतच नव्हतं.

सर पूर्ण पटले असं नाही म्हणणार. त्यांचं आता असं आहे की पैसे चालू ठेवू पण संस्थेला पत्र लिहून विचारू, आणि मला ते योग्य वाटते. आम्ही तीन गोष्टी विचारायचं ठरवलं आहे: गेल्या पाच वर्षांत तुम्ही नेमका कोणता नियम बदलायची मागणी केली आणि त्याचं आज काय झालं, कायदा झाल्यावर त्या गावात किंवा देशात तुमची माणसं अजून आहेत का, आणि बैठकीत तिथल्या लोकांना तुम्ही त्यांच्या भाषेत बोलायला जागा देता का. पत्राचा मसुदा मराठीत केला आहे, मेघाताई इंग्रजी करून द्याल का? आणि मंगेशदादा, संस्थेच्या हिशोबात कोणता खर्च कुठे दाखवतात ते एकदा फोनवर समजावून सांगा प्लीज.

मेघा_हिंगणा :
हो पाठवा, रविवारपर्यंत करून देते.

सीए_मंगेश_धंतोली :
शनिवारी संध्याकाळी ऑफिसला या, अहवालाची प्रत घेऊन या. फोनवर नाही जमणार, आकडे समोर पाहिजे.

रोशनी_कुरखेडा :
ताई, उत्तर आलं की इथे टाका. आणि तुमच्या सरांना सांगा, आमच्याकडे तेंदूपत्त्याच्या सीझनच्या आधी ग्रामसभा असते, लिलाव कसा करायचा ते गाव ठरवते. त्यांना यायचं असेल तर वडसापर्यंत रेल्वे आहे, पुढे मी घ्यायला येते. राजूभाऊ तुम्ही पण या.

राजू_इतवारी :
येतो ताई. तारीख कळवा, दुकान त्या दिवशी भावाकडे देतो.